पाठ, सॅक आणि उरणची वाट

सोसायटीच्या फाटकाशी आले तेव्हा नुकतं उजाडत होतं. वॉचमन खुर्ची आवरून घरी जायच्या तयारीत होता. माझ्या पाठीवर डोक्याच्याही वर गेलेली सॅक बघून तो थबकला.

"मॅडम, गाँव जा रहे हो क्या?"

"नाही, उरणला."

"रिक्शा बुलाऊं?"

"चालत जातेय."

तो मनापासून हसला. त्याला वाटलं, मी चेष्टा करते आहे. माझा नवरा सुधीर शेजारीच उभा होता, त्याला मात्र हसू येत नव्हतं. त्याने माझा एक फोटो काढला, सॅकचा पट्टा उगाचच एकदा ओढून पाहिला आणि म्हणाला, "फोन चालू ठेव. कुठेही वाटलं तर बसून घे. मी गाडी घेऊन येतो." "हो," म्हणाले आणि निघाले. ऐरोलीच्या आमच्या रस्त्यावर दूधवाले आणि कुत्री सोडली तर कोणी नव्हतं.

ऐरोलीहून उरणला गाडीने तासाभरात पोचता येतं. तिथे चालत जायचं, तेही सामान पाठीवर घेऊन, हे कोणालाही खुळेपणाचंच वाटेल. म्हणून आधी कारण सांगते.

मी इथल्याच एका आयटी पार्कातल्या कंपनीत अकाउंट्स बघते. वर्षानुवर्षं खुर्चीत बसून काम. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बेसिनखाली पडलेलं टूथपेस्टचं टोपण उचलायला वाकले ती सरळ झालेच नाही. मणक्यातली गादी सरकली होती. पुढचे कित्येक महिने छताकडे बघण्यात गेले. हिंडू-फिरू लागले तरी पाण्याची बादली, कुकर, भाजीची पिशवी, सगळं माझ्या हातातून कोणी ना कोणी काढून घ्यायचं. प्रेमाने घ्यायचे, पण मला स्वतःच्याच घरात पाहुणी झाल्यासारखं वाटायचं.

माझी फिजिओथेरपिस्ट अश्विनी वयाने माझ्या भाचीएवढी आणि शिस्तीला एखाद्या जुन्या मुख्याध्यापिकेसारखी. तिने मला आधी बसायला शिकवलं, मग उठायला, मग हळूहळू वजन उचलायला. पाठ सुधारली तशी मी एक दिवस तिला धीर करून सांगितलं, की मे महिन्यात मैत्रीण आणि मी हिमालयात ट्रेकला जायचं म्हणतोय, आणि मला माझी सॅक खेचरावर न टाकता स्वतः उचलायची आहे.

अश्विनीने हातातली फाइल मिटली. मग म्हणाली, "मावशी, तिकडे डोंगरात पाठ धरली तर तुम्हाला खाली कोण आणणार? आधी अशा ठिकाणी चाला, जिथे हात केला की रिक्षा थांबते. सलग चार दिवस, पाठीवर दहा किलो. जमलं तर मे महिन्याचं बोलू. नाही जमलं तर हिमालय टीव्हीवर छान दिसतो."

हात केल्यावर नवी मुंबईत रिक्षा थांबतेच असं नाही, पण मला तिचं म्हणणं कळलं. मैत्रिणीशी बोलले आणि वाट ठरली: ऐरोलीहून खाडीकाठाने दक्षिणेला, शहर संपेपर्यंत. शेवटी समुद्र.

सॅक मी वाशीच्या एका दुकानातून घेतली. तिथे मला एक डाळिंबी रंगाची सॅक बघताक्षणी आवडली होती. खांद्याला लावून आरशात पाहिलं, फारच ऐटदार दिसत होते. दुकानातल्या मुलीने आत वाळूच्या पिशव्या टाकल्या आणि म्हणाली, "आता दुकानात चकरा मारा." दहा मिनिटांत खांदे भरून आले. कमरेचा पट्टा पोटावर येत होता, म्हणजे सगळा भार खांद्यांवर. माझी पाठ लांब आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मानेखालचं वर आलेलं हाड आणि कमरेच्या हाडाची वरची कड, यांच्यामधलं अंतर मोजून सॅक घ्यायची असते, आपली उंची बघून नाही. त्या मापाची एकच सॅक होती, शेवाळी रंगाची, बघायला अगदी बेताची. तीच भरून पाठीवर घेतली. रुंद पट्टा कमरेच्या हाडांवर घट्ट आवळला आणि खांद्यांवरचं ओझं जणू कोणी उचलून घेतलं. वजन तेवढंच होतं, पण ते आता माझे पाय वाहत होते. मी ती आतून उलटी करून शिवण पाहिली. पट्टे जिथे जोडले होते तिथे दोऱ्याचा चौकोन आणि त्यात फुली घातलेली होती. चेन जाड होती, हातमोजे घालूनही ओढता आली असती. डाळिंबी सॅककडे एकदा वळून पाहिलं आणि शेवाळी घेतली.

घणसोली गाव येईपर्यंत त्या शेवाळी सॅकने मला चांगलंच रडवलं. ती सारखी मागे खेचत होती. जणू कोणी पाठीमागून पदर ओढतंय. मी पुढे वाकून चालत होते आणि वाकणं हेच तर मला वर्ज्य होतं. मनात पाल चुकचुकली. पहिल्याच तासात ही गत, तर उरण कसलं दिसतंय?

घणसोली गावात माझी मैत्रीण रंजना राहते. रंजना इथलीच, आगरी घरातली. तिच्या सासऱ्यांची भातशेती होती तिथे आता इमारती आहेत आणि त्यातल्या एकीचा तळमजला तिचा. आमची ओळख सकाळच्या फिरण्यातली. हिमालयाचं खूळ मूळ तिचंच. ती दारात तयार उभी होती. पंजाबी ड्रेस, पायात बूट आणि पाठीवर लेकाची कॉलेजची बॅग. सॅक घ्यायला वाशीला चल म्हणून मी तिला किती सांगितलं होतं. तिचं उत्तर ठरलेलं: "अगं, चार वर्षं पुस्तकं वाहिली तिनं, माझे चार कपडे नाय वाहनार?"

माझी चाल बघून तिने मला ओट्यावर बसवलं. "काय भरलंस एवढं?"

सॅक उपसली तेव्हा चूक दिसली. पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक, खाऊचे डबे, जड म्हणून जे जे काही होतं ते मी सगळ्यात बाहेरच्या खणात भरलं होतं, पटकन हाताला लागावं म्हणून. पाठीपासून जितकं लांब तितकं ते मागे ओढणार, हे साधं गणित भरताना सुचलंच नव्हतं. मग ओट्यावरच पुन्हा भरली. पांघरूण आणि कपडे तळाला, जड सामान मधोमध पाठीला चिकटून, टॉवेल आणि स्वेटर आजूबाजूला कोंबून, म्हणजे आत काही हलणार नाही. बाजूचे पट्टे आवळले. उचलली, आधी मांडीवर, मग एक हात, मग दुसरा. कमरेचा पट्टा आधी, खांद्यांचे नंतर. सरळ उभी राहिले. सॅक आता खेचत नव्हती.

"आता बघ, नवरीसारखी चालतेस," रंजना म्हणाली.

कोपरखैरणे मागे पडलं तसं ऊन चढलं. थंडीचे दिवस होते, त्यामुळे ऊन बोचत नव्हतं. एका नाक्यावर भाजीवाल्या बाईने हाक मारली, "ओ ताई, काय विकता? चादरी का?" रंजनाने तिला सांगितलं की आम्ही फिरायला निघालोय. त्या बाईने आमच्याकडे आणि मग आमच्या ओझ्यांकडे पाहिलं. "फिरायला मोकळ्या हातानं जायचं असतं," ती म्हणाली आणि दोन पेरू हातावर ठेवले, पैसे न घेता.

ठाण्यापासून उरणपर्यंत रंजनाचे नातेवाईक नाहीत असं गाव शोधून सापडायचं नाही. पहिला मुक्काम वाशीला लागून असलेल्या जुहूगावात, तिच्या आत्याकडे. तांदळाची भाकरी, सुकटीची (वाळवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या छोट्या माशांचं) कालवण. इतक्या वर्षांत वाशीला मी कितीदा गेले असेन, पण मॉलच्या मागे अशी चूल पेटते हे माहीत नव्हतं. सकाळी निघताना आत्याने रंजनाच्या बॅगेत तांदळाच्या पापडांची चवड घातली. "रिकाम्या हातानं लेकीला कशी धाडू?" रंजना नाही म्हणाली नाही. तिच्या घराण्यात ती रीत नव्हती.

दुसरा दिवस सगळ्यात सुखाचा. पाम बीच रस्त्याच्या कडेने, एका बाजूला भरधाव गाड्या आणि दुसऱ्या बाजूला कांदळवन. कानटोपी घातलेले एक आजोबा समोरून चालत आले. आम्हाला बघून थांबले.

"काय, एव्हरेस्ट?"

"नाही आजोबा, उरण."

"मग बरोबर. एव्हरेस्टवर हल्ली फार गर्दी असते," असं म्हणून ते पुढे गेले.

नेरूळच्या पाणथळीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरले होते. लांबून पाण्यावर गुलाबी रेघ मारल्यासारखी दिसत होती, जवळ गेल्यावर त्या रेघेला माना फुटल्या. आम्ही सॅका उतरवून बांधावर बसलो. मी माझी निष्काळजीपणे ओल्या काठावर टेकवली आणि उचलली तेव्हा खालची चेन चिखलाने भरलेली. ओढायला गेले तर दात करकरले. बळाने ओढली असती तर तिथेच संपलं असतं. मग करावे गावात पोचल्यावर चिखल वाळू दिला, जुन्या टूथब्रशने दात न् दात झाडला, ओल्या फडक्याने पुसला आणि मेणबत्तीचा तुकडा वरून फिरवला. चेन लोण्यासारखी सरकली. रोज संध्याकाळी मी सॅक पूर्ण रिकामी करायचे, झटकायचे, घामाने ओले झालेले पट्टे पुसून वाऱ्यावर टांगायचे. रंजनाला त्याचं हसू यायचं. "पोराला न्हाऊ घालतेस का?"

करावे गावात तिच्या मावसबहिणीने चिंबोऱ्यांचं (खेकड्यांचं) कालवण खाऊ घातलं, आणि निघताना सुकटीची पिशवी, लोणच्याची बरणी आणि गव्हाणच्या मामीला द्यायला म्हणून पितळेचा एक डबा दिला. "मामीचाच हाय, लगनात आनलेला, तिला पोचव." कॉलेजची बॅग आता फुगून फुटबॉल झाली होती. एरवी चालताना ओझं कमी होत जातं. रंजनाचं वाढत होतं. मी म्हणाले, थोडं माझ्याकडे दे. तिने मानेने नाही म्हटलं. "तुझी पाठ सांभाळ. मला काय धाड भरलीये?"

बेलापूरच्या किल्ल्याची बाजू सोडून रस्ता पनवेलच्या खाडीवरच्या पुलावर चढतो. तिथून पुढे उलवे, गव्हाण आणि बंदराचा मुलूख. बंदराकडे जाणारे ट्रेलर तिथूनच सुरू होतात. एक गेला की अंगावर वाऱ्याचा लोट येतो आणि पायाखालचा पूल थरथरतो. आम्ही कठड्याला धरून एकीमागे एक चालत होतो. पाण्यात होड्या होत्या, डावीकडे लांब नव्या विमानतळाच्या बाजूने एक विमान उतरत होतं, आणि मी मागे वळून रंजनाला ते दाखवणार तोच टर्रकन आवाज झाला.

तिच्या बॅगेचा उजवा पट्टा मुळापासून उसवला होता. बॅग एका खांद्यावर लोंबकळली, तिने सावरायला झटका दिला आणि दुसऱ्या पट्ट्याची शिवणही अर्धी निघाली. बॅग खाली आदळली. लोणच्याची बरणी कशी वाचली देवालाच ठाऊक. पाण्याची बाटली मात्र घरंगळत कठड्याखालून थेट खाडीत.

रंजना मटकन खाली बसली. तिला आधी हसू आलं, मग एकदम रडू. "मीच शानी. तू सांगत होतीस."

आम्ही पुलाच्या मधोमध होतो. तिथे कोणतीही गाडी थांबत नाही, थांबूही नये. तिने बॅग पोटाशी धरून चालून पाहिलं, चार खांबांपर्यंत गेली आणि धापा टाकत थांबली. पुढचं काही दिसत नव्हतं, पायातलंही नाही. डोक्यावर घेतली तर ट्रेलरच्या वाऱ्याने तोल जायला लागला.

"पूल संपला की मी रिक्षा करते," ती म्हणाली. "घरी जाते. तू चाल, मंजू. तुझी परीक्षा हाय, माझी नाय."

मी तिच्याकडे बघत राहिले. छताकडे बघत पडले होते त्या दिवसांत रोज दुपारी येऊन बसायची ती हीच. मला हिमालयाचे फोटो मोबाइलवर दाखवायची आणि म्हणायची, "हितं जायचं हाय आपल्याला, मग मेलीस तरी चालंल." तिला पुलावरून परत पाठवून मी उरणला जाऊन काय मिळवणार होते?

पण अश्विनीने दहा किलो सांगितलं होतं आणि तेवढे माझ्या पाठीवर होतेच. दोन वर्षांपूर्वीची ती कळ, कमरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज गेल्यासारखी, मला नुसत्या आठवणीनेही आली. त्या दिवशी निमित्त एका टोपणाचं होतं.

"सॅक उघडते. जड काय आहे ते इकडे दे," मी म्हणाले.

"खुळी झालीस का?"

"दे म्हणते ना."

कठड्याला टेकून सॅक उघडली. जास्तीचं सामान मावावं म्हणून तिचं वरचं तोंड गळपट्टीसारखं उंच वाढवता येतं, दुकानात ते मला उगाच वाटलं होतं. पितळी डबा, बरणी, पापडांची चवड एकेक करून पाठीच्या बाजूला उभी लावली, माझे कपडे सगळे रंजनाच्या बॅगेत हलवले. तिच्याकडे आता फक्त कपडे आणि सुकट राहिली, ती बॅग काखेत मारून चालता आलं असतं. बाजूचे पट्टे शेवटच्या टोकापर्यंत आवळले. मग गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली, सॅक मांडीवर घेतली. श्वास घेतला. एक हात, दुसरा हात, कमरेचा पट्टा. उभी राहिले.

कळ आली नाही.

पहिलं पाऊल भीतभीत टाकलं. दुसरंही तसंच. वजन होतं, खूप होतं, ते कमरेच्या हाडांवर बसलं होतं आणि तिथून सरळ जमिनीत उतरत होतं. मी वाकले नव्हते. सॅकचा एकही टाका कुरकुरला नाही. रंजना मागून सारखी विचारत होती, "बरी हायस ना? मंजू, बोल काहीतरी." मी बोलत नव्हते कारण मी मनातल्या मनात पुलाचे दिवे मोजत होते. मग तेही सोडून दिलं. खाडीवरून वारा येत होता. आणि मला एकाएकी जाणवलं की मी मान वर करून चालते आहे.

पूल संपला. रिक्षा उभ्या होत्या. एका रिक्षावाल्याने आपणहून विचारलं, "कुठे सोडू?" आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"कुठंच नको, भाऊ," रंजना म्हणाली.

गव्हाणला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. मामी अंगणातच होती. "आगो बाय माझे! चालत आल्याव? आदी पानी प्या." मी पितळी डबा काढून तिच्या हातात दिला तेव्हा तिने तो फिरवून फिरवून पाहिला, पदराने पुसला. मामांनी माझी सॅक एका हाताने उचलायला घेतली, मग दोन्ही हात लावले.

"कवरी जड हाय गो! मिठागरात आमी टोपल्या वाहायचो त्या डोक्यावर. पाठीवर नाय जमायचं."

मिठागरं गेली, शेती बंदराला गेली. मामा आता भाड्याच्या खोल्या बघतात आणि नातवंडांना शाळेत सोडतात. पण त्यांच्याकडे जाळी दुरुस्त करायचा जाड नायलॉनचा दोरा होता आणि पोती शिवायचा दाभण. मी माझ्या सॅकचा पट्टा समोर ठेवला आणि कॉलेजच्या बॅगेवर तशीच शिवण घातली, चौकोन आणि त्यात फुली. आतून जुन्या जीन्सचा तुकडा लावला, म्हणजे ओढ एका जागी येणार नाही. मामांनी दुसऱ्या पट्ट्याला गाठी मारल्या. माझी शिवण नीट होती, त्यांच्या गाठी माझ्याहून पक्क्या. शेवटी दोघांनी बॅगेला धरून रस्सीखेच केली. बॅग टिकली, मामी हसून हसून दमली.

संध्याकाळी अंगणात पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं कोंबडं आणि सगळ्याला भांबुर्डीचा (रानात आपोआप उगवणाऱ्या वासाच्या पाल्याचा) वेढा. मडकं उलटं करून भोवती जाळ. त्या पाल्याचा वास मी काही सांगून कळणार नाही, तो खाऊनच बघावा. शेंगा सोलता सोलता मामीने विचारलं, "पर हिमालयात कनाला (कशाला) जायचं?" रंजना म्हणाली, "मामी, हितं सगली मला वलखतात. तिथं मला कोनी वलखत नाय, ते बघायचं हाय." हे तिने मलाही कधी सांगितलं नव्हतं.

झोपताना मात्र भीती परत आली. मणक्याचं दुखणं दगाबाज असतं. करताना कळत नाही, दुसऱ्या सकाळी हिशेब मागतं.

जाग आली तेव्हा कोंबडे आरवत होते. मी सतरंजीवर तशीच पडून राहिले. पायाची बोटं हलवली. गुडघा वाकवला. अश्विनीने शिकवल्याप्रमाणे कुशीवर वळले, हात टेकले, बसले. खांदे ठसठसत होते, पोटऱ्या भरल्या होत्या. पण ते कष्टाचं दुखणं होतं, शेतात काम केल्यावर होतं तसं, चांगलं. कमरेत काही नाही. उभी राहिले, दोन्ही हात वर केले. काही नाही! मी अंगणात गेले आणि कोणी बघत नाहीसं पाहून जागच्या जागी एक उडी मारली. मामी चुलीशी होती, तिने पाहिलंच. "खुळी," ती म्हणाली आणि चहा पुढे केला.

निघताना मामांनी वालाची थैली आणली. रंजनाने आयुष्यात पहिल्यांदा नातेवाईकाला नाही म्हटलं. "मामा, आज नको. पुढल्या टायमाला गारी (गाडी) घेऊन येते, पोतं भरून द्या." मामांचं तोंड पडलं. मग आम्ही दोघींनी एकेक मूठ वाल घेतले, खिशात.

शेवटचा टप्पा जासईवरून, न्हावा शेवा बंदराच्या अंगाने. तिथे माणूस चालताना दिसत नाही, दिसतात ते एकावर एक रचलेले कंटेनर, लाल, निळे, गंजलेले, आणि ट्रेलरच्या रांगा. धूळ इतकी की दातांखाली कचकच. एका टपरीवर चहा घेताना शेजारच्या ट्रेलरचा चालक बराच वेळ आमच्याकडे बघत होता. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "बहनजी, गाड़ी ख़राब हो गई?"

"नाही. हम पैदल जा रहे हैं. ऐरोली से."

"क्यूँ?"

रंजना म्हणाली, "इसकी पीठ खराब थी. अब अच्छी हो गई. इसलिए."

त्याने मान डोलावली, जणू याहून योग्य कारण असूच शकत नाही. आम्ही पुढे निघालो. थोड्या वेळाने मागून त्याचा ट्रेलर आला, आमच्याजवळ सावकाश झाला आणि त्याने हॉर्न दिला, लांबलचक, सुरात. मागच्या ट्रेलरवाल्याला काही माहीत नव्हतं, पण त्यानेही दिला. मग तिसऱ्याने. त्या धुळीत आम्ही दोघी हात हलवत उभ्या होतो, एखादी मिरवणूक आपल्यासाठीच निघाल्यासारख्या.

उरण गाव ओलांडून पिरवाडीच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. खडक उघडे पडले होते आणि त्यांच्यापलीकडे समुद्र, चार दिवस खाडीच बघितल्यामुळे तो अचाट मोठा वाटला. बूट काढले. सॅक काढली नाही. तशीच पाण्यात गेले, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. रंजना किनाऱ्यावरून ओरडत होती, "बॅग भिजंल गो!" मग तीही आली, जीन्सचं ठिगळ लावलेली बॅग पाठीवर घेऊन. भेळवाल्याला आमचा फोटो काढायला सांगितलं. फोटोत आम्ही दोघी तोंड उघडून ओरडतो आहोत. काय ओरडत होतो, दोघींनाही आठवत नाही.

परत येताना उरणहून लोकल पकडली. डबा जवळजवळ रिकामा होता. खिडकीतून कंटेनर, खाजण, उलव्याच्या इमारती झरझर मागे पडत होत्या. इतकी वर्षं मी या शहरात राहिले ते एका फाटकातून दुसऱ्या फाटकात जात. घरातून ऑफिसात, ऑफिसातून दवाखान्यात. नवी मुंबई म्हणजे सेक्टरचे नंबर, एवढंच मला माहीत होतं. त्या नंबरांच्या मध्ये इतक्या चुली आहेत, इतके लोक पाणी विचारायला आणि पेरू द्यायला बसले आहेत, हे पाठीवर ओझं घेतलं म्हणून कळलं. ओझं असलेल्या माणसाशी लोक बोलतात. मोकळ्या हाताच्या माणसाला कोणी थांबवत नाही.

दुसऱ्या दिवशी अश्विनीने पाठ तपासली. मणक्यावरून बोटं फिरवली, पाय उचलायला लावले. पुलावरचं मी सगळं सांगितलं. ती रागावली, अगदी मनापासून, पाच मिनिटं. मग म्हणाली, "मे महिन्यात मला रोज फोटो पाठवायचे."

घरी येऊन सॅक धुवायला काढली. मशीनमध्ये घातली की आतला लेप निघतो आणि पट्ट्यांचा फोम मरतो, म्हणून कोमट पाणी, अगदी थोडा अंगाचा साबण आणि स्पंज. समुद्राचं खारट पाणी निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुतली. पट्ट्यांतून बंदराची काळी धूळ निघाली. सगळ्या चेनी उघड्या ठेवून बाल्कनीत सावलीत उलटी टांगली. उन्हात नाही, ऊन धागा खातं.

सुधीर चहा घेऊन बाल्कनीत आला. गेली दोन वर्षं संध्याकाळी घरी आला की त्याचा पहिला प्रश्न एकच असायचा, "दुखतंय का?" काळजीने विचारायचा, पण तो प्रश्न ऐकला की मला दुखायलाच लागायचं. आज त्याने टपटपणाऱ्या सॅककडे पाहिलं, कप माझ्या हातात दिला, कठड्याला टेकला.

"मग," तो म्हणाला, "माझ्या मापाची मिळेल का गं एखादी?"